आधी लसानाला कळतं

फोन ढोबळ्या मिरचीच्या क्रेटला टेकवून ठेवलाय.
काचेला वरच्या कोपऱ्यात तडा, त्यामुळे
आमचा डावा बचावपटू दोन तुकड्यांतच धावतो.
आम्ही नऊ जण. डेटा एब्रिमाचा,
म्हणून सगळ्यात पुढची उपडी बादली एब्रिमाची.
बाहेर नीहारचा वारा प्लास्टिकवर थापा मारतोय,
मैलोन् मैल प्लास्टिक, आणि त्याच्याखाली
युरोपचं सॅलड मुकाट वाढतंय.

ही तिसरी लिंक. पहिलीत नुसता जुगार.
दुसरी विचारत राहिली, तुम्ही यंत्रमानव आहात का?
दहा तास मिरची तोडून आलेल्या अब्देलिलाहनं
प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला,
"रविवारी नसतो."
समालोचन पोर्तुगीजमध्ये, कुणालाच न कळणारं.
पण चेंडू गोलजवळ आला की माणूस
कुठल्याही भाषेत तेवढीच धाप टाकतो.

क्वाबेनाचा देश मागच्या मंगळवारीच घरी गेला.
क्वाबेना नाही गेला.
तो आता आमच्या बाजूनं ओरडतो, उसन्या घशानं.

माझ्या उजव्या कानात लसाना.
तो सेगूत, न्हाव्याच्या दुकानाबाहेर
रस्त्यावर मांडलेल्या टीव्हीपुढे उभा.
त्या टीव्हीला अँटेना आहे, लिंक लागत नाही.
आम्ही जुळे. तो अकरा मिनिटं आधी आला,
तेव्हापासून सगळं त्याला आधी कळतं:
दात. पोहणं. बाबा गेले ते.
(मला ते चौथ्या दिवशी कळलं. मी तेव्हा पाण्यावर होतो.)

इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा एक तास पुढे,
इथलं चित्र तिथल्यापेक्षा चाळीस सेकंद मागे.
या हिशेबात मी नेमका कुठे बसतो
ते पाच वर्षांत सुटलेलं नाही.

त्याला बजावलं होतं, काही झालं तरी ओरडायचं नाही.
बोलत राहा, कशाचंही.
तर तो बोलत होता. मेंढ्याचा भाव. आईचा गुडघा.
नदीकाठच्या चुलत्यानं पुन्हा लग्न केल्याचं.
जादा वेळ संपला, पेनल्ट्या लागल्या, तरी बोलत होता.
शेवटची किक उरली.
इथे आमचा नऊ नंबर मध्यरेषेवरून नुकता निघालाय,
आणि तिथे लसाना "आई म्हणते, या उन्हाळ्यात तरी"
एवढं बोलून
थांबला.

ओरडला नाही. सांगितल्यासारखा वागला बिचारा.
पण त्याच्या मागे अख्खा रस्ता होता,
तोही थांबला.
एक मोपेड तेवढी लांब जाताना ऐकू आली.

नऊ नंबर चालतोय.
एब्रिमानं टोपी तोंडावर ओढलीय, विणीतून बघतोय.
अब्देलिलाह उभा राहिलाय. कुणीतरी बिस्मिल्ला म्हणतं.
क्वाबेना, ज्याचं यात काहीच अडकलेलं नाही,
माझा खांदा असा आवळतो
की उद्या क्रेट उचलताना आठवेल.
"जाईल ना रे?"

मला माहीत आहे.
नऊ जणांत एकट्या मला.
जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी पुढे आहे,
आणि हे असं असतं होय?
लसाना, तू तर तीन दिवस
रेंज नसलेल्या माझ्या नंबराकडे बघत बसला होतास.

"जाईल," मी म्हणतो. "डावीकडे मारतो तो. बघ तू."

तो चेंडू ठेवतो. उचलतो. पुसून पुन्हा ठेवतो.
चित्र अडकतं.
मधोमध छोटं चाक फिरू लागतं
आणि आठ माणसं श्वास धरून चाकाकडे बघतात,
थंडीत, कोपराला कोपर लावून.
मी मनात म्हणतो, फिर. अजून जरा फिर.

कानात लसाना घसा खाकरतो, हळूच विचारतो,
"झालं तुझ्याकडे?"

अजून नाही, मी म्हणतो.