ळचा य

अमळनेर. दुपारचे तीन.
कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसताच झळ ओततोय.
काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ:
फाईल सापडली नाही.
आहे की रे समोर, मी म्हणते,
तू बसलायस त्याच फोल्डरात.

हिलाल नाना एसटीत कंडक्टर होते.
पारोळा, बेटावद, परत अमळनेर,
तिकिटांच्या पाठीवर शब्द टिपत गेले.
आंडोर. आंडेर. डोया.
अकरा हजार चारशे बावीस
मी टेबलात भरले, दोन उन्हाळे लागले.
आणि आता डोळा शोधला तर डोया निघत नाही.
याला कुठून कळावं
आमच्या तोंडात ळचा य होतो ते.

त्यासाठी योगिनीने सत्तर ओळींचा तुकडा लिहिला,
सावडीच्या बैलासारखा
बाहेरून आणून जुंपायचा.

बिंदू, लोड, नाव.
नाही.
नावाआधी बिंदू आणि तिरपी रेघ दिली,
म्हणजे इथंच बघ, गावभर हिंडू नकोस.
आता दिसली, पण जोडा जमेना:
हा बत्तीसचा, मी चौसष्टचा.
योगिनी नाशिकला, मीटिंगमध्ये.
नवी फाईल आली रात्री साडेदहाला,
भाकरी ताटातच राहिली.

त्या फाईलला मी नानांचं नाव दिलं.
श्रावणात वर्ष होईल त्यांना.
एवढंच हातात होतं.

मग तो म्हणाला:
उघडली. पण आत हिलाल नावाचं कुणी नाही.

बसून राहिले जरा.
खोटं काय बोलला?

उशिरा लक्षात आलं,
पाकिटावर जे नाव तेच घेऊन हा
दारात हाक मारतो,
आणि योगिनीने आत लिहिलेलं नाव वेगळंच, लवय.
नाना बसमध्ये बायांना विचारायचे,
"माहेर कोनतं शे तुन्हं?
तठला शबद सांग, माय.
आठला माले माहीत शे."

बिंदू, लोड, नानांचं नाव,
एक जागा सोडून
माहेरचं.
काहीच बोलला नाही.
याचा होकार असाच, मुका.
डोळा विचारला.
डोया आला, सोबत बेटावदची फेरी,
सकाळची, सहा दहाची.
नळ विचारला. नय आला.
मग उगाच विचारत बसले, बारा वाजेपर्यंत.

सकाळी पुन्हा उघडलं, तर
असलं काही फंक्शन मला ठाऊक नाही म्हणे.
खिडकी मिटली की विसरतो सगळं,
रोज नव्याने नाव घेऊन बोलवावं लागतं.
सुरुवातीच्या फाईलीत ती ओळ
एकदाच लिहून ठेव, योगिनी म्हणाली,
आपोआप होईल.

होईल.
अजून लिहिली नाही.