निळी पडझड

आमच्याकडे चढता भाव लाल, उतरता निळा.
इतरांना लाल बघून धडकी भरते,
बुसानमध्ये लाल म्हणजे आज जेवण बाहेर.

रात्रीचे तीन वाजून गेलेत.
पडद्यावर समुद्र वर चढत चाललाय.

माझं काम वाचायचं :
कोण विकतंय, का विकतंय,
अजून किती उरलंय त्याच्या पोतडीत.
साडेसहाला अहवाल.

एका आकड्यावर विक्रीची भिंत उभी आहे.
भाव जवळ गेला की विरघळते,
जरा खाली पुन्हा उभी.
ती विकायला नाहीच, भेडसावायला आहे.
शेजारचा सोंग-ग्यु म्हणतो, देवमासा.
त्याला प्रत्येक लाटेखाली देवमासाच दिसतो.

मग दर चाळीस सेकंदांनी तेवढाच तुकडा,
तेवढाच तुकडा :
हा यंत्राचा हात, याला घाम येत नाही.

आणि तीन चाळीसला एक जण,
होतं नव्हतं ते एकदम,
मिळेल त्या भावात.
मी नोंद केली : घबराट.

ओक-बुन मावशी बेचाळीस वर्षं जागाल्चीच्या बाजारात मासे विकते.
तिचं शास्त्र एवढंच :
विकणाऱ्याचं तोंड बघू नये,
त्याच्या माशाखालचा बर्फ बघावा.
बर्फ असेल तर तो भाव करतोय.
पाणी झालं असेल
तर त्याला घरी जायचंय.

माझ्या पडद्यावर बर्फ दिसत नाही.
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

सकाळी तिच्या गाळ्यावर गेलो.
माशाचे खवले काढता काढता म्हणाली,
तू घ्यायला लावलेलं ते विकलं बरं का, सगळं.
कधी?
लिलावाच्या घंटेआधी. चारला वीस कमी असतील.
घाबरलीस?
कशाला?
प्योंग-होच्या बोटीचं इंजिन बसलंय,
मेकॅनिक रोख मागतो.
अगं, अजून चढलं असतं.
चढू दे की.

कोपरापर्यंत निळे हातमोजे.
त्याच हातांनी तिने माझ्यापुढे कालवणाचा वाडगा सरकवला,
वर एक खवला तरंगत होता, मी बाजूला केला.

अहवाल तोवर गेलेला होता :
'तीन चाळीस. घाबरून विक्री. छोटा गुंतवणूकदार.'

छोटा, एवढं बरोबर होतं.