तराई

चार बाटल्या, चार आम्लता:
सात पूर्णांक चार, सहा चार, पाच चार, चार चार.
ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा वास येतो.
तो एप्रनला चिकटून मानेवाड्यापर्यंत येतो
आणि आई विचारते, डब्यातलं वरण नासलं का गं?

इन्क्युबेटर सदतीसवर.
खिडकीबाहेर मेडिकल चौक सेहेचाळीसवर.
मे महिन्यात गारवा हवा तर
माणसानं माझ्या नमुन्यांशेजारी जाऊन बसावं.

चौथ्या दिवशी सिमेंटच्या चकत्यांवर
हिऱ्याचं टोक टेकवते.
खूण जितकी मोठी, सिमेंट तितकं मऊ.
पहिल्या बाटलीतली शोधावी लागते,
चौथीतली भिंगाखाली ऐसपैस पसरलेली.
आणखी जवळ गेलं की
पहिलीत सुयांचं दाट रान.
चौथीत सुया नाहीत. चाळण.
मी आकडे लिहिते. प्रबंधाला आकडे पुरतात.

ओपीडीत शालिक चापले, गवंडी, हुडकेश्वर.
खालची दाढ, सुजलेला गाल, खिशात खर्र्याची पन्नी.
मुळाशी पू.
पू आंबट असतो, हे मी पुस्तकात वाचलेलं.
त्यांनी भिंती वाचलेल्या.
"भिताडाले लोना लागला असन, मॅडम,
तं शिमिट धरत नाई.
वरून कितीबी घोटा, आतून पीठच राह्यते.
पैले खरवडा लागते. मंग चुना. मंग थांबा लागते."

माझा हात ट्रेवर थांबला.
तिथं पुढची गोष्ट चुनाच होती,
आम्ही तिला कॅल्शियम हायड्रॉक्साईड म्हणतो,
आणि खर्र्यातल्या चुन्यावरून
मी त्यांना आत्ताच झापलं होतं.

थांबलो. तीन आठवडे.
एकदा ते आले नाहीत, स्लॅब होता.
मग एका मंगळवारी कागदाची सुई मुळातून
कोरडी, पांढरी बाहेर आली.

राखाडी सिमेंट भरलं, दाबलं,
वर तिळाएवढा ओला कापूस.
"हे काय?"
तराई, मी म्हटलं.
ते तोंड उघडं ठेवूनच हसले.
"एकच दिवस? आमची सात दिवस राह्यते."

उद्या कापूस काढायला ते येतील
की बेसा रोडवरच्या पायाड्यावर असतील, माहीत नाही.
त्या दाढेत हिऱ्याचं टोक पोचत नाही.
वहीत चार रकाने आहेत.
पाचवी बाटली आत्ता सायकलवरून गेली,
लेबल नसलेली,
थुंकायला तोंड उघडायचं नाही म्हणून
गप्प.