सुपडूभाऊंचा कान

धुळ्यात आले तेव्हा माझ्याकडे
इंटरमीजिएटचं 'ए' ग्रेडचं सर्टिफिकेट होतं.
शिरपूरला आमच्या दुकानात ते अजून लटकतंय,
जळालेल्या मोटारींच्या वर, काळवंडलेल्या काचेत.
आणि एक युक्ती होती :
कापसाच्या बोळ्याने शेडिंग घोटायचं,
इतकं, की पेन्सिल कुठून गेली
ते कुणाला कळू नये.

भंगाळे सर माझ्या बोर्डापाशी थांबले. बराच वेळ.
"गुळगुळीत आहे," म्हणाले,
आणि पुढच्या बोर्डाकडे गेले.
मला ते कौतुक वाटलं.
घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

कळायला दिवाळी उजाडली.

दुसऱ्या वर्षी मॉडेल म्हणून सुपडूभाऊ बसायचे.
एरवी ते शिपाई : घंटा, माठ, वर्गांच्या किल्ल्या.
तासाला चाळीस रुपये जास्तीचे,
वरून बसायला मिळतं, म्हणायचे.
पत्र्याखाली दुपारी त्यांना डुलकी लागे,
मान इंच इंच उजवीकडे कले
आणि आमची बावीस चित्रं
बावीस तऱ्हांनी चुकत.

त्या आठवड्यात माझी चारकोलची डबी संपलेली.
रविवारी वृषालीच्या मळ्यात भरीत होतं.
पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी फुटली,
सगळे कळण्याच्या भाकरीकडे धावले,
मी राखेतून विझलेल्या काड्या निवडत बसले.
"या पोरीला भूक नाही का गं?" तिची आई म्हणाली.
ओढणीत बांधून आणल्या मी त्या, एसटीतून,
मांडीवर, अंड्यांसारख्या.

पऱ्हाटीचा कोळसा ऐकत नाही.
मध्येच गाठ येते, कागद खरवडते,
रेघ कुठे रुतते, कुठे उडते,
आणि बोळा फिरवावा तर सगळंच जातं पुसून.
म्हणून घोटलं नाही.
ठरवून वगैरे नाही,
दुसरं काही करताच येईना.

कानाशी आले आणि गाठ लागली.
पाळी घसरली ती थेट जबड्यापर्यंत.

बाबा वाइंडिंग करताना ओठांत वेढे मोजतात.
एक चुकला, तर सगळी तार उकलतात,
चिडत नाहीत, पुन्हा एकपासून सुरू.
मला उकलायला वेळ नव्हता.
घंटा द्यायला सुपडूभाऊ उठलेच होते.
पाय झाडले त्यांनी, टोपी घातली,
आणि जाता जाता माझ्या कागदावर वाकले.

कान चुकलाय, मी म्हणणार होते.

"हाऊ ते मना बापना कान शे."

मग स्वतःचा कान चाचपला,
दुसऱ्याचा चाचपावा तसा.
"त्यास्ना फोटू बी नई."

त्या दिवशी घंटा चार मिनिटं उशिरा झाली.

चित्र त्यांनाच दिलं.
सायकलच्या कॅरिअरला बसेना म्हणून
त्यांनी त्याची चार पदरी घडी घातली.
मी ओरडणारच होते.
आता त्या घडीत कोळसा समोरच्या कोऱ्या बाजूला उमटला असेल,
एका कानाचे दोन झाले असतील.

सरांनी एवढंच विचारलं, कशाने काढलंस?
सांगितलं.
"आण अजून."

आणल्या. पोतंभर.
वर्षभर तोच कान काढतेय.
गाठ शोधून त्याच जागी दाबली, मनगट सैल सोडलं,
डोळे मिटूनही काढून पाहिला.
मुद्दाम चुकवलेला कान
मुद्दामच दिसतो.
मध्ये मला कानाची हाडं, कुर्च्या, वळसे पाठ झाले,
हात लांबवून, अंगठ्याने, माप अचूक घेता येतं,
आणि कालचं चित्र
माझं आजवरचं सगळ्यात चांगलं आहे. हे मला कळतं.

सुपडूभाऊ आले, पाहिलं.
"मनाच शे," म्हणाले,
आणि माठ भरायला गेले.

डबीत तीन काड्या उरल्यात, एक मोडकी.
भरताला अजून पाच महिने.