उभी गाडी, साठ मैल

गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवल्यापासून
काटा शून्यावर बसून आहे.
सिल्व्हर्टनपर्यंत जाऊन आले, परत आले,
गाडीच्या मते मी अंगणातच होते.
आकडेही अडकलेत: सत्त्याण्णव हजार चारशे बारा.
मैल. होल्डन चौसष्टची,
तिला किलोमीटर ठाऊक नाहीत.

आधी दोष मीटरवर ढकलला,
सगळेच ढकलतात, तोच समोर दिसतो म्हणून.
मग केबल खालून सोडवली,
आतली तार ड्रिल मशीनच्या जबड्यात धरली,
हलकेच खटका दाबला,
आणि खिडकीत डोकं घालून शेजारची ब्रॉनी ओरडली,
"चाळीस! पन्नास! साठ!"
गाडी चार ठोकळ्यांवर उभी, आणि साठ मैल.
म्हणजे मीटर सुटला. केबल सुटली.
पाप खाली आहे, तेलात.

पिनियन काढलं.
सगळे म्हणाले होते, नायलॉनचं ते, दात झिजले असणार.
रॉकेलमध्ये धुतलं, उन्हात धरलं, मोजले:
अठराच्या अठरा शाबूत,
माझ्यापेक्षा बरे.
तरीही मेलबर्नहून नवं मागवलं.
बारा दिवसांनी आलं. बसवलं.
काटा तिथेच.

मग एक मागचं चाक दगडाने अडवलं,
दुसरं फिरवायला ब्रॉनीला बसवलं,
आणि पिनियनच्या भोकातून बॅटरी मारली.
शाफ्ट फिरतोय.
त्याच्यावरचा आट्यांचा गिअर स्वस्थ.
स्क्रूड्रायव्हरने टोचला तर सरकला,
आजारातून उठलेल्या बोटावर अंगठी सरकावी तसा.

प्रॉपेलर शाफ्ट उतरवला, गिअरबॉक्सचं शेपूट उघडलं.
शाफ्टवर एक खळगी असते,
खळगीत छर्रा, ज्वारीच्या दाण्याएवढा.
तेवढाच गिअरला शाफ्टशी बांधून ठेवतो.
खळगी रिकामी.
काढलेलं तेल फडक्यातून दोनदा गाळलं.
काही नाही.
म्हणजे हरवला नव्हता. बसवलाच नव्हता.

हा गिअरबॉक्स वेन्झूने बांधला होता,
वेन्झू स्पितेरी, वय एक्याऐंशी,
माल्टाहून आला तो थेट ब्रोकन हिलच्या खाणीत,
चाळीस वर्षं पंप उघडले, मिटले.
डाव्या डोळ्यात आता धुकं.
पैसे घेतले नाहीत. केक नेला तर रागावला.

संध्याकाळी आला, उलट्या डब्यावर बसला.
"काय निघालं?"
"पिनियन," मी म्हणाले. "दात गेले होते."
ताकास तूर लागू दिली नाही.
"किती?"
"तीन."
तो मान हलवत राहिला, बराच वेळ,
मालगाडीचे डबे मोजत असल्यासारखा.
मग खिशातून तंबाखूची डबी काढली
आणि माझ्या तळहातावर पालथी केली.
थोडा चुरा, एक अर्धी काडी,
आणि छर्रा.

"जुलैपासून आहे माझ्याकडे," म्हणाला.
"टेबलाखाली झाडताना सापडला.
कुठला ते लगेच कळलं.
रोज येणार होतो."

मी काही बोलले नाही.
ग्रीसचा ठिपका लावून छर्रा खळगीत चिकटवला,
वरून गिअर सरकवला,
सर्क्लिप त्यानेच बसवली, न बघता, बोटांनी चाचपून.
दोनदा खेचून पाहिली. मग तिसऱ्यांदा.

रविवारी दोघे त्याच रस्त्याला लागलो.
काटा उठला.
बाराच्या जागी खालून तेरा आला,
दार किलकिलं करून कोणी बघावं तसा.
"मधले मैल?" मी विचारलं.
"ते माझ्या नावावर मांड."

चाळीस ते पन्नासमध्ये काटा थरथरतोय अजून.
केबल कोरडी आहे, तो म्हणतो,
ग्रीस लागेल.
शनिवारी येतो म्हणालाय.