पाण्यात

निकाल लागून पाच आठवडे झाले.
पदवीचं भेंडोळं अजून पलंगाखाली आहे,
सुकटीच्या रिकाम्या पोत्यांना टेकून.
आता त्यालाही वास येतो.

किसुमूत प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक सल्ला आहे.
ओगोला मामा म्हणतो, बँक. डोक्यावर पंखा, म्हातारपणी पेन्शन.
चर्चमधल्या पेरिस बाई म्हणतात, नैरोबी गाठ, एम.कॉम. कर,
इथे राहिलीस तर शिकूनसवरून मासेच साफ करशील.
विमा विकणारा चुलतभाऊ टाय सैल करत म्हणतो,
नकार ऐकायला शिकवणारं कॉलेज नसतं, माझ्याबरोबर फिर.

मोटारसायकलवाल्या ओकेलोला मी काही विचारलं नव्हतं.
आरशातून बघत तो आपणहून म्हणाला,
"मीपण बी.कॉम. दुसरा वर्ग, वरचा."
मग खड्डा आला.
त्यानंतर बराच रस्ता
दोघंही गप्प.
उतरताना मी दिलेली चिल्लर त्यानं न मोजता खिशात टाकली.

लेखापालाच्या परीक्षेला तीन पायऱ्या आहेत.
पदवीमुळे काही पेपर माफ,
आणि माफ झालेल्या पेपरांचीही फी.
शुक्रवार शेवटचा.

सराव हवा म्हणून मंगळवारी आईची वही मागितली.
डुंगाच्या किनाऱ्यावर ती ओमेना वाळवते, डब्याच्या मापानं विकते.
चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी, म्हणजे पाच डबे.
नावांच्या जागी खुणा: खुर्ची म्हणजे हॉटेलवाला,
छत्री म्हणजे ती बाई, जी उधारी फक्त पावसाळ्यात फेडते.
मी पट्टी घेऊन पान उभं दुभागलं,
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
तीन रात्री बेरजा केल्या. ताळा जमेना.

फरक कधीही येत नव्हता. जानेवारीत यायचा, सप्टेंबरात यायचा,
चारही वर्षं,
आणि तिथे प्रत्येक वेळी एक मासा काढलेला,
डोळा जरा मोठा.

"हा मासा कोण?"
"तू," आई म्हणाली. जाळ्यावरची ओमेना उलटवत होती,
तिचा हात थांबला नाही.

"मग तुला मी खर्चात टाकू का भांडवलात?"
"खर्च म्हणजे?"
"गेलं ते. परत न येणारं."
"आणि दुसरं?"
"ज्यातून पुढे काही येतं."

बाजूच्या जाळ्यावरून आडा बोलली, तिला कोणी विचारलेलं नसताना,
"पोरीच्या शिक्षणाचे पैसे ना? पाण्यात गेले म्हण."
मला वाटलं, आई आता भांडेल.
ती सरोवराकडे बघत होती, ढग मोजत असावी.
"पाण्यातच ना," ती म्हणाली,
"मासा आणखी कुठे असतो?"
आणि सर यायच्या आत
आम्ही तिघींनी मिळून जाळी गुंडाळली.

पुस्तकात अशा रकमेसाठी उचंत खातं असतं,
कुठल्या घरात जायचं ते ठरेपर्यंत बसायची जागा.
पाच आठवडे मी तिथेच राहत होते,
भाडं न देता.

शुक्रवारी फॉर्म भरला. पहिली पायरी, संध्याकाळचे वर्ग.
सकाळी मच्छीमारांच्या सोसायटीत हिशेब लिहायचे,
पगार असा की मामाला अजून सांगितलेला नाही.
खिडकीतल्या माणसानं कागद उचलला,
त्यावर तिलापियाचा एक खवला चिकटलेला.
तो त्यानं नखानं काढला, उजेडात धरून बघितला,
आणि शिक्का मारला.

फीचा आकडा रात्री आईच्या वहीत मीच लिहिला.
शेजारी मासा काढायला गेले.
शेपूट चुकली, होडीसारखं काहीतरी झालं.
आईनं वही दिव्याजवळ नेली,
बघितलं,
आणि त्याला डोळा काढला.