डाव्या डोळ्याखाली

कारेलीबागेमागच्या नाल्यात, पूर ओसरल्यावर सापडला.
किरीटभाईंनी गोणी सोडली, म्हणाले,
"बेन, आ आपणो नथी लागतो."

सव्वाअकरा फूट. दोघांनी धरला, मी खवले मोजले,
दोनदा चुकले.
डाव्या डोळ्याला ओठाचा खवला थेट टेकतो:
इथला.
उजवीकडे मध्ये बारीक खवल्यांची ओळ:
ब्रह्मदेशातला.
पाठीवरची नक्षी तर
कुठल्याच पुस्तकात नाही.

नवी जात, म्हणतो माझा विद्यार्थी तन्मय,
नावही शोधून ठेवलंय त्यानं.
कुणाच्या तरी फार्महाउसातून पळालेली आई,
म्हणतात भाई, आणि तंबाखू मळतात.
मी सुटत आलेल्या कातेचा तुकडा बाटलीत घालते,
चिठ्ठीवर लिहिते: वडोदरा, विश्वामित्रीचा काठ.
जातीपुढची रेघ कोरी.

संध्याकाळी फोनवर साताऱ्याची मावशी हसते,
"भाजी समारली? हे कुठलं गं मराठी?"
चार पिढ्या दांडिया बाजारात, मावशी.
मी भाजी समारत राहते.

पहाटे किरीटभाईंचा फोन:
कोंबडी गिळली, अख्खी.
आता पाण्याच्या टबात डोकं टेकून पडलाय.
कुठली बाजू वर आहे, विचारायचं
राहूनच गेलं.